विकिपीडियावरचा लेख चौघांनी मिळून लिहायचा तर: आधी काय, मग काय

चार जण ठरवतात, हा लेख आपण मिळून लिहू. त्याच संध्याकाळी चौघेही पान उघडतात आणि लिहायला लागतात. आठवडाभरात लेख लांबलचक होतो. पण एकच माहिती तीन ठिकाणी आलेली असते, एका परिच्छेदात 'परागीभवन' तर पुढच्यात 'परागण' असते, निम्म्या वाक्यांना संदर्भ नसतो आणि असलेल्यांतले काही भलत्याच वाक्याला चिकटलेले असतात. मग एखादा जुना संपादक येतो, अर्धा मजकूर काढतो आणि चौघेही रुसून निघून जातात.

हे इतक्या वेळा पाहिले आहे की चूक नेमकी कुठे होते ते आता पाठ झाले आहे. मंडळी लिहायला फार लवकर बसतात. एकट्याने लिहिताना ते खपून जाते, कारण कोणते वाक्य कोणत्या पुस्तकातून आले हे एकाच डोक्यात असते. चार डोकी आली की ते कुठेतरी मांडून ठेवावे लागते, आणि ते काम मजकुराच्या आधीचे आहे.

पुढच्या पायऱ्या दिलेल्या क्रमानेच घ्या. उदाहरणासाठी सगळीकडे 'मधमाशी' हा विषय धरला आहे. पानांची नावे मराठी विकिपीडियावर चालतात तीच वापरली आहेत. दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावर नावे बदलतील, काम तेच राहील.

## पायरी १: लेख आधीच आहे का ते पाहा

नुसते शीर्षक शोधून थांबू नका. 'मधमाशी', 'मधमाश्या', 'मधमाशा', 'मधुमक्षिका' असे सगळे पर्याय टाकून पाहा. मराठीत आणखी एक खोच आहे. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' संगणकावर दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. असे अक्षर शीर्षकात असेल तर एकाच विषयाचे दोन लेख तयार होतात आणि महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

लेख सापडला तर नवा काढू नका, त्याच्यावरच काम करा. पाच ओळींचा असला तरीही. आधी त्याचा इतिहास (कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद) आणि चर्चा पान (लेखाबद्दल संपादकांनी बोलायचे पान) वाचा. तुम्ही घालणार आहात तोच मजकूर दोन वर्षांपूर्वी कुणी घातला होता आणि तो काढला गेला होता, असे बरेचदा निघते. काढण्याचे कारणही तिथेच लिहिलेले असते.

लेख नसेल तर एकच प्रश्न विचारा: या विषयावर, विषयाशी हितसंबंध नसलेल्या लोकांनी, सविस्तर लिहिलेले असे निदान दोन-तीन स्रोत आहेत का? मधमाशीबाबत हा प्रश्नच पडत नाही. व्यक्ती, संस्था, उत्पादने यांच्याबाबत मात्र बहुतेक गट इथेच अडकायला हवेत आणि अडकत नाहीत. संस्थेचे स्वतःचे संकेतस्थळ, तिने पाठवलेली प्रसिद्धिपत्रके आणि बातमीतला ओझरता उल्लेख मिळून एकही स्वतंत्र स्रोत होत नाही.

सावध: विषय तुमच्या संस्थेचा, नातेवाइकाचा किंवा मालकाचा असेल तर तसे आधीच जाहीर करा. लिहिण्याचे पैसे मिळत असतील तर ते सांगणे विकिमीडियाच्या (विकिपीडिया चालवणाऱ्या संस्थेच्या) वापर-अटींनुसार बंधनकारक आहे. इतर हितसंबंध असतील तर थेट लेखात हात न घालता चर्चा पानावर बदल सुचवावा.

## पायरी २: खाती आधी, प्रत्येकाचे वेगळे

कार्यशाळेच्या दिवशी वीस जण एका खोलीत, एकाच वाय-फायवर बसतात, खाती उघडायला लागतात आणि सातव्या माणसापाशी गाडी अडते. विकिमीडियावर एका आयपी पत्त्यावरून २४ तासांत ६ खातीच उघडता येतात. खोलीतले सगळे बाहेरून एकाच पत्त्यावर दिसतात. म्हणून प्रत्येकाने दोन-चार दिवस आधी घरून, किंवा निदान मोबाइल डेटावरून, खाते उघडून यावे. मोठा कार्यक्रम असेल तर आधी विनंती केली की ही मर्यादा तात्पुरती उठवून मिळू शकते.

लवकर खाते उघडण्याचे आणखी एक कारण आहे. अगदी नव्या खात्यांना काही कामे करता येत नाहीत. उदाहरणार्थ, इंग्रजी विकिपीडियावर खाते ४ दिवस जुने आणि १० संपादने झालेली असल्याशिवाय पानाचे स्थानांतरण, म्हणजे पान इतिहासासकट नव्या नावावर हलवणे, करता येत नाही. हे स्थानांतरण पाचव्या पायरीत लागणार आहे.

'मधमाशी गट' असे एक सामाईक खाते उघडून सगळ्यांनी वापरणे चालत नाही. एक खाते, एक माणूस. कोणते वाक्य कुणाचे हे इतिहासात दिसावे यावरच सगळी व्यवस्था उभी आहे.

तपासा: प्रत्येकाने आपल्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) एक वाक्य लिहून जतन केले का? दुसऱ्याच्या चर्चा पानावर एक सही केलेला निरोप टाकून पाहिला का? हे दोन्ही जमले की खाते तयार.

## पायरी ३: विभाग वाटण्याआधी संदर्भ वाटा

गट जमला की पहिले वाक्य ठरलेले: "तू शरीररचना घे, मी पोळे घेतो, ती नृत्यभाषा बघेल." असे वाटप झाले की चौघेही त्याच तीन पुस्तकांतले आपापल्या विभागापुरते पान वाचतात. पूर्ण पुस्तक कुणीच वाचत नाही. पुस्तकाच्या प्रस्तावनेत 'या ग्रंथातले सर्व आकडे एपिस मेलिफेरा या जातीचे आहेत' असे लिहिलेले असते आणि ते चौघांच्याही नजरेतून सुटते. मग लेखात मेलिफेराचे आकडे, सातेरी या दुसऱ्या जातीचे वर्णन आणि आग्या या तिसऱ्याच जातीच्या माशीचे चित्र असा काला होतो. आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. सातेरी पोकळीत अनेक समांतर पोळी बांधते. वाचकाला 'मधमाशी पोळे कसे बांधते' याची दोन परस्परविरोधी उत्तरे एकाच पानावर मिळतात, आणि दोन्हींना संदर्भ असतात!

त्यामुळे आधी स्रोत वाटा. दोन पुस्तके एकाकडे, शोधनिबंध दुसऱ्याकडे, ज्ञानकोशातल्या नोंदी तिसऱ्याकडे. ज्याच्याकडे जे आले ते त्याने पूर्ण पाहायचे आणि त्याची जबाबदारी शेवटपर्यंत घ्यायची. पुढे लेखात त्या पुस्तकाच्या नावावर काहीही आले की ते खरेच पुस्तकात आहे का, हे तो सांगेल.

प्रत्येकाने टिपणे काढायची ती अशी:

– विधान स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात.
– पृष्ठक्रमांक. "पुस्तकात कुठेतरी आहे" हे टिपण नव्हे.
– विधान कोणत्या जातीबद्दल, कोणत्या काळाबद्दल, कोणत्या प्रदेशाबद्दल आहे ती मर्यादा.
– स्रोताची पूर्ण ओळख: लेखक, शीर्षक, प्रकाशक, वर्ष, आवृत्ती, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक).

तिसरा मुद्दा लोक हमखास गाळतात आणि सगळ्यात जास्त भांडणे त्याच्यावरूनच होतात.

स्रोत निवडताना त्याची तारीखही पाहा. वेबवरचे बरेच लेख विकिपीडियावरूनच उचललेले असतात. एखादे वाक्य विकिपीडियावर २०१५ साली आले आणि तुमच्या हातातला लेख २०१९ चा आहे, शब्दही जवळपास तेच, तर तो स्रोत वापरू नका. तुम्ही विकिपीडियाचा पुरावा विकिपीडियालाच देत आहात. वाक्य केव्हा आले ते पानाच्या इतिहासात सापडते.

सावध: चॅटबॉटने दिलेला संदर्भ स्वतः उघडून पाहिल्याशिवाय टिपणातसुद्धा घेऊ नका. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे आणि निबंध मात्र अस्तित्वातच नाही, असे संदर्भ तो सहज रचतो. १३ अंकी आयएसबीएनमधला शेवटचा अंक आधीच्या बारांवरून हिशेबाने येतो. त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक बहुधा तिथेच पकडला जातो. पण हिशेब जुळला म्हणून पुस्तक त्याच विषयाचे आहे असे होत नाही. पुस्तक पाहाच.

## पायरी ४: चर्चा पानावर बोलणी करा

गट व्हॉट्सॲपवर बोलतो. बोलू द्या. पण ठरलेले सगळे लेखाच्या चर्चा पानावर आले पाहिजे, कारण लेख फक्त तुमचा नाही. गटाबाहेरचा संपादक कधीही येईल आणि त्याला तुमच्या व्हॉट्सॲप गटात काय ठरले ते कळायचा काहीच मार्ग नाही. "आमचे तसे ठरले आहे" हे उत्तर त्याने का मानावे?

लेख अजून नसेल तर मसुद्याच्या चर्चा पानावर हेच करा. काय मांडायचे?

पहिले, रूपरेषा. सगळी टिपणे समोर ठेवून विभागांची यादी करा. ज्या विभागाला टिपणेच नाहीत तो काढून टाका. 'महत्त्व' आणि 'निष्कर्ष' हे दोन विभाग शाळेतल्या निबंधातून आलेले पाहुणे आहेत, त्यांना दारातच थांबवा.

दुसरे, शब्द. मराठीत यावर अर्धा तास घालवला तर पुढचे दोन आठवडे वाचतात. परागीभवन, परागण की परागसिंचन? कामकरी की कामकरीण? एक वसाहत म्हणजे एक पोळे का? प्रत्येक संकल्पनेसाठी एकच शब्द निवडा. दुसरा रूढ असेल तर पहिल्या उल्लेखात 'परागीभवन किंवा परागण' असे एकदाच सांगा. शास्त्रीय नावे देवनागरीत कशी लिहायची तेही आत्ताच.

तिसरे, आकडे. मजकुरात देवनागरी की इंग्रजी, एकदाच ठरवा. एक अपवाद ध्यानात ठेवा: ज्या साच्यात (पानात घालायच्या तयार चौकटीत) आतून बेरीज-वजाबाकी होते, जसे तारखेवरून वय काढणे, तिथे देवनागरी आकडे टाकले की बरेचदा साचा लाल अक्षरांत चूक दाखवतो. त्या रकान्यात इंग्रजी आकडे घाला.

आता विभाग वाटा. आणि प्रत्येक निरोपाखाली चार लाटा ~~~~ टाकून सही करा. सहकाऱ्याला साद घालायची असेल तर त्याच्या सदस्य पानाचा दुवा आणि तुमची सही एकाच जतनात गेली पाहिजे. सही आधी करून, दुवा नंतर घातला तर त्याला सूचना जात नाही. "मी तुला विचारले होते, तू उत्तरच दिले नाहीस" या तक्रारींमागे किती वेळा हेच कारण असते!

तपासा: गटाबाहेरचा माणूस फक्त चर्चा पान वाचून सांगू शकेल का, की कोण काय लिहितो आहे आणि कोणता शब्द का निवडला?

## पायरी ५: मसुदा कुठे लिहायचा

सगळ्यात महागडी चूक इथे होते. चौघे जण बाहेरच्या सामाईक दस्तऐवजात लेख लिहितात, मजकूर छान तयार होतो आणि मग एक जण तो सगळा उचलून विकिपीडियावर चिकटवतो. इतिहासात एकच नाव. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देशन-समविभागणी परवान्याखाली असतो (सध्या आवृत्ती ४.०), म्हणजे लिहिणाऱ्याला श्रेय मिळणे ही परवान्याची अट आहे. बाकी तिघांचे श्रेय नाहीसे झाले आणि त्यांनी परवाना मान्य केला की नाही याचाही पुरावा उरला नाही. शिवाय एका फटक्यात वीस हजार अक्षरे आली की गस्त घालणाऱ्या संपादकाला तो मजकूर कुठूनतरी ढापलेला वाटतो. वाटणारच.

मी स्वतः हे केले आहे. एका गटासाठी पाच जणांचे महिनाभराचे काम मी माझ्या खात्यावरून एका रात्रीत चढवले. सकाळी लेखावर प्रताधिकारभंगाच्या शंकेचा साचा होता आणि पाचपैकी दोघी मला विचारत होत्या की आमचे नाव कुठे आहे. उत्तर नव्हते.

म्हणून टिपणे हवी तिथे ठेवा, मजकूर मात्र विकिपीडियावरच लिहा. दोन वाटा आहेत.

लेख नवा असेल तर एका सदस्याच्या धूळपाटीखाली एक उपपान उघडा आणि सगळ्यांनी तिथेच, आपापल्या खात्यातून लिहा. तयार झाल्यावर ते पान स्थानांतरित करा. नकल करून नव्या पानावर चिकटवू नका. स्थानांतरणात पूर्ण इतिहास, सगळ्यांच्या नावांसकट, लेखाबरोबर जातो. नकलेत तो मागेच राहतो. पानावर फक्त या लेखाचेच काम झालेले असावे, नाहीतर कुणाची जुनी चाचणी-संपादनेही इतिहासात येतात. म्हणून मुख्य धूळपाटी न वापरता उपपान.

लेख आधीपासून असेल तर थेट लेखातच, विभागवार काम करा. तो धूळपाटीवर नेऊन महिनाभर सुधारायचा आणि परत आणून चिकटवायचा, हा विचार मोहक आहे पण त्या महिन्यात इतरांनी केलेले बदल तुम्ही पुसून टाकाल.

चौघांनी वेगवेगळ्या धूळपाट्यांवर लिहून शेवटी जोडायचेच असेल, तर आणखी एक खड्डा आहे. एकच संदर्भ दुसऱ्यांदा वापरला की यथादृश्य संपादक (पान दिसते तसेच संपादायचे साधन) त्याला अनेकदा स्वतःच नाव देतो: कोलन आणि शून्य, मग कोलन आणि एक, असे. चारही धूळपाट्यांवर 'कोलन-शून्य' नावाचा संदर्भ असतो आणि चारही ठिकाणी तो वेगळ्या पुस्तकाचा असतो. जोडताच लाल अक्षरांत चूक दिसते, आणि ती घाईने 'दुरुस्त' करताना शरीररचनेच्या वाक्याला रोगांवरचे पुस्तक लागते. जोडण्याआधी स्रोत संपादनात (जिथे पानाची मूळ संहिता, खुणांसकट, दिसते) जाऊन प्रत्येक संदर्भाला लेखकाचे आडनाव आणि वर्ष मिळून नाव द्या.

जोडताना सारांशात (जतन करताना बदलाबद्दल लिहायच्या ओळीत) लिहा: 'अमुक सदस्याच्या धूळपाटीवरून, श्रेय त्या पानाच्या इतिहासात', आणि त्या पानाचा दुवा. एका लेखातला भाग दुसऱ्यात नेताना हेच लागते, आणि दुसऱ्या भाषेच्या विकिपीडियावरून अनुवाद करतानाही. विकिपीडियाचे आशय-अनुवाद साधन ही नोंद आपोआप करते. हाताने अनुवाद केला तर तुम्हालाच करावी लागते.

सावध: अनुवाद करताना मूळ लेखातले संदर्भही जसेच्या तसे येतात. ते तुम्ही पाहिलेले नसतात. निदान जे उघडता येतात ते उघडून पाहा, कारण इंग्रजी लेखातली चूक आता तुमच्या सहीने मराठीत येत आहे.

## पायरी ६: लिहिताना लहान घास

एका जतनात एकाच प्रकारचे काम. शुद्धलेखन एका जतनात, नवा मजकूर दुसऱ्यात, परिच्छेदांची हलवाहलव तिसऱ्यात. तिन्ही एकत्र केले तर सहकाऱ्याला फरक वाचताच येत नाही, आणि त्यातले एक चुकीचे वाक्य काढायचे म्हणून कुणी सगळेच उलटवतो, म्हणजे रद्द करून आधीचे पान परत आणतो. तुमच्या शंभर शुद्धलेखन दुरुस्त्याही त्याबरोबर जातात.

सारांश प्रत्येक वेळी लिहा. 'सुधारणा' हा सारांश नव्हे. 'राणीच्या वाढीचा काळ जोडला, पुस्तकाच्या पृष्ठासह' हा सारांश. जतन केल्यावर तो बदलता येत नाही, म्हणून रागाच्या भरात काही लिहू नका. पाच वर्षांनीही ते तिथेच असेल.

दोन संपादनांची टक्कर. तुम्ही पान उघडून लिहीत आहात, तेवढ्यात दुसऱ्याने जतन केले. बदल वेगवेगळ्या ओळींवर असतील तर यंत्रणा ते आपोआप जुळवते. पण इथे 'ओळ' म्हणजे पडद्यावरची ओळ नव्हे. पानाच्या मूळ संहितेत एक अख्खा परिच्छेद ही एक ओळ असते. एकाच परिच्छेदातल्या पहिल्या आणि शेवटच्या वाक्यावर दोघे काम करत असाल तरी टक्कर होते. तेव्हा:

१. पूर्ण पान न उघडता विभागाशेजारचा 'संपादन' दुवा वापरा.
२. दहा-पंधरा मिनिटांनी जतन करत राहा. दोन तास पान उघडे ठेवू नका.
३. मोठी उलथापालथ करायची असेल तर वर 'काम चालू आहे' असा साचा लावा आणि त्याच दिवशी काढा. आठवडाभर विसरलेला असा साचा लेखाला टाळे लावल्यासारखा असतो.
४. टक्कर झालीच तर घाबरून जतनाचे बटण दाबू नका. आधी तुमचा मजकूर नकलून बाजूला ठेवा, पान नव्याने उघडा, समोरच्याने काय बदलले ते इतिहासात वाचा आणि मग तुमचा भाग हाताने घाला.

चौथ्या मुद्द्याला दोन मिनिटे लागतात. तो टाळून 'माझेच जतन कर' केले की समोरच्याचे तासाभराचे काम जाते, आणि त्याला वाटते तुम्ही मुद्दाम काढले.

## पायरी ७: संदर्भ अजून त्याच वाक्याला आहे का?

ही पायरी बहुतेक गटांत नसतेच, आणि मिळून लिहिलेल्या लेखांची खरी कीड इथेच असते.

समजा लेखात वाक्य आहे: 'कामकरी माशी अंड्यापासून साधारण २१ दिवसांत पूर्ण वाढते.' त्याला एका पुस्तकाचा संदर्भ आहे, पृष्ठ बरोबर आहे. दुसरा सहकारी येतो आणि वाक्य वाढवतो: 'कामकरी माशी २१, नर २४ आणि राणी १६ दिवसांत पूर्ण वाढते.' माहिती एपिस मेलिफेरासाठी बरोबर आहे. पण संदर्भ दिलेल्या पृष्ठावर फक्त कामकरी माशीचाच आकडा होता. आता वाक्य खरे आणि संदर्भ खोटा. तिसरा येतो, वाक्य मोठे झाले म्हणून त्याचे दोन तुकडे करतो आणि संदर्भ दुसऱ्या तुकड्याला राहतो. ज्या एका विधानाला आधार होता ते आता निराधार दिसते आणि निराधार विधानांना आधार दिसतो. कुणीही खोटे लिहिलेले नाही. तिघांनीही आपल्या परीने लेख सुधारला!

उपाय सोपा आहे, कंटाळवाणा आहे.

– संदर्भ असलेल्या वाक्यात भर घालण्याआधी तो संदर्भ उघडा. तुमची भर त्यात नसेल तर वेगळे वाक्य, वेगळा संदर्भ.
– वाक्य तोडले तर दोन्ही तुकड्यांना संदर्भ द्या.
– परिच्छेद हलवताना त्यात संदर्भाची मूळ व्याख्या (संदर्भाचा पूर्ण तपशील लिहिलेली जागा) आहे का ते पाहा. ती असलेला भाग काढला, तर तोच संदर्भ नावाने वापरणारी बाकीची सगळी ठिकाणे लाल होतात.
– लेख पूर्ण झाल्यावर अदलाबदल: प्रत्येकाने दुसऱ्याचा विभाग घ्यायचा आणि निदान पाच वाक्ये स्रोताशी ताडून पाहायची. स्रोत ज्याच्याकडे आहे (तिसरी पायरी आठवा) त्याला पृष्ठ विचारायचे.

पाचपैकी दोन चुकली तर तो विभाग पूर्ण तपासायचा. लाजेखातर सोडून देऊ नका.

याच फेरीत मजकूर मुळाच्या फार जवळ तर नाही ना, तेही बघा. चार शब्द बदलून वाक्याचा सांगाडा तोच ठेवणे हाही प्रताधिकारभंगच. वाचून, पुस्तक मिटून, मग लिहिलेले वाक्य सहसा सुरक्षित असते.

## पायरी ८: कुणी उलटवले तर

लगेच परत उलटवू नका. एकदा बदल केला, समोरच्याने उलटवला, आता पुढची चाल चर्चा पानावर. त्याने सारांशात कारण दिले असेल तर त्यालाच उत्तर द्या. दिले नसेल तर विचारा. इंग्रजी विकिपीडियावर एका सदस्याने एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवले तर त्याला संपादनबंदी होऊ शकते. तीन हा कोटा आहे असे मात्र समजू नका. रोज दोनदा, नेमाने उलटवणाराही भांडखोरच ठरतो.

गटात काम करताना एक मोह फार होतो: "अरे, तिकडे चर्चेत येऊन माझ्या बाजूने लिहा." चौघांनी एकापाठोपाठ 'सहमत' लिहिले की बाहेरच्याला ती टोळी दिसते, आणि कठपुतळी खात्यांचा (एकाच माणसाने अनेक खाती चालवल्याचा) आरोप यायला वेळ लागत नाही. चर्चेत मते मोजत नाहीत, मुद्दे तोलतात. गटातल्या एकाने बोलावे. दुसऱ्याकडे नवा स्रोत असेल तरच त्याने तोंड उघडावे, आणि आपण एकाच गटातले आहोत हे सांगूनच.

दोन चांगले स्रोत एकमेकांशी पटत नसतील तर कोण बरोबर हे ठरवणे तुमचे काम नव्हे. 'अमुक यांच्या मते असे, तमुक यांच्या मते तसे' लिहून दोघांचे संदर्भ द्या. पण त्याआधी तिसऱ्या पायरीतली मर्यादा पाहा. बरेचदा दोघे वेगळ्या जातींबद्दल बोलत असतात आणि वाद आपोआप मिटतो.

## पायरी ९: चित्रे, वर्ग, दुवे

हे पटकन होते, फक्त शेवटी करा. चित्र स्वतः काढलेले किंवा मुक्त परवान्याचे असेल तरच विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या सामाईक साठ्यावर चढवा. शोधयंत्रात दिसले म्हणजे मुक्त झाले असे नाही. चित्राखाली जातीचे नाव लिहा. वर्ग (लेख ज्या विषय-याद्यांत दिसतो त्या) दोन-चार पुरेत, सगळ्यांत नेमके असतील ते. इतर भाषांतल्या लेखांशी जोडणी विकिडेटा या सामाईक माहितीसाठ्यावर करा. आणि दुसऱ्या लेखांतून तुमच्या लेखाकडे निदान तीन-चार दुवे द्या, नाहीतर तो अनाथ राहतो.

प्रस्तावना सगळ्यांत शेवटी, एकाच माणसाने लिहावी. चौघांनी लिहिलेली प्रस्तावना चार तोंडांनी बोलते.

## पायरी १०: गट पांगल्यावर

चौघांनीही लेख आपल्या निरीक्षणसूचीत (ज्यांतले बदल कळत राहतात अशा पानांच्या यादीत) घाला. पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त बदल होतात, आणि त्यातले बरेच तुमच्यापेक्षा चांगले असतात. 'आमचा लेख' म्हणून प्रत्येक बदल परतवत बसू नका. सांगकाम्याने (आपोआप संपादन करणाऱ्या प्रोग्रॅमने) स्वल्पविरामांच्या जागा नीट केल्या म्हणून चिडणारे लोक मी पाहिले आहेत.

वेबवरचा प्रत्येक संदर्भ जोडला त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साठ्यात) जतन करा आणि तो दुवाही संदर्भात घाला. दुवे मरतात, आणि पान नाहीसे झाल्यावर जतन करता येत नाही.

शेवटी, टिपणांची वही फेकू नका. सहा महिन्यांनी चर्चा पानावर कुणीतरी विचारेल, 'राणीच्या १६ दिवसांचा आकडा कोणत्या पृष्ठावर आहे?' ते पुस्तक ज्याच्या वाट्याला आले होते, उत्तर त्याने द्यायचे आहे.